शाळेत डॉक्टर येऊन गेले. चिठ्ठीचं पुढे काय झालं?

गेल्या महिन्यात माळा आवरताना आईला एक जुनी पिशवी सापडली. त्यात माझी प्रगतिपुस्तकं होती, एलिमेंटरीचं प्रमाणपत्र होतं आणि घडीवर फाटायला आलेलं एक पिवळं कार्ड होतं. वर छापलेलं : शालेय आरोग्य तपासणी. इयत्ता पाचवी. उंची, वजन. दातांच्या रकान्यात 'किडलेले २'. आणि डोळ्यांच्या रकान्यात डॉक्टरी अक्षरात 'दृष्टी तपासून घ्यावी'. सगळ्यात खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. ती रेघ आजही मोकळी आहे.

मला चष्मा लागला नववीत.

म्हणजे माझी नजर कमी आहे हे पाचवीत एका डॉक्टरला कळलं होतं, त्यांनी ते लिहूनही दिलं होतं, आणि तरी पुढची चार वर्षं मी फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवत होतो. फळा सगळ्यांनाच तसा धुरकट दिसतो, असं मला वाटायचं. प्रगतिपुस्तकात शेरा यायचा, 'वर्गात लक्ष नसते'. आई म्हणाली, "हे कार्ड तू मला दाखवलंच नाहीस." खरं आहे. दहा वर्षांच्या पोरानं चिठ्ठी दप्तरात कोंबली आणि विसरला. पण एका मुलाचे डोळे त्याच्याच विसरभोळेपणावर सोडणारी व्यवस्था कोणी आखली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. बातमीदारीत नंतर आलो. आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवतात की टाकीतलं पाणी किती आहे हे नुसतं मोजून उपयोग नाही, ते मोजमाप व्हॉल्व्हपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर काट्यावर 'टाकी भरली' दिसत राहतं आणि पाणी जिन्यावरून वाहत राहतं. आपल्याकडची शालेय आरोग्य तपासणी गेली शंभरहून जास्त वर्षं बरीचशी अशीच चालली आहे. मोजते चांगलं. व्हॉल्व्ह मात्र कुणाच्याच हातात नाही.

हा आजचा दोष नाही. म्हणून आधी थोडं मागं जाऊ.

देवी डॉक्टर आले की पोरं खिडकीतून पसार

माझ्या आज्जीच्या डाव्या दंडावर दोन मोठे, चुरगळलेल्या कागदासारखे व्रण आहेत. लहानपणी मला वाटायचं, भाजलं असेल. ते देवी टोचल्याचे. तिच्या शाळेत 'देवी डॉक्टर' यायचे. ते बहुतेक वेळा डॉक्टर नसायचेच, लस टोचणारे सरकारी कर्मचारी असायचे. पण गावासाठी ते देवी डॉक्टर. ते वेशीजवळ दिसले की निम्मी शाळा मागच्या खिडकीतून उसाच्या फडात. गुरुजी आणि शिपाई मिळून पोरांना धरून आणायचे. आज्जीला तिच्या थोरल्या भावानंच धरून दिलं, हे ती अजून विसरलेली नाही.

भीती खोटी नव्हती. त्या काळी देवी टोचायला फिरकीचं पातं वापरत. दंडावर टेकवून गोल फिरवायचं, कातडी खरवडली जायची, त्यात लस. मुलांना ताप यायचा, दंड सुजायचा. म्हणून ते मोठे व्रण. (तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर जो छोटा गोल व्रण आहे तो बीसीजीचा, क्षयरोगाच्या लसीचा. दोन्हींत बऱ्याच जणांची गल्लत होते.)

ही कहाणी सुरू होते मुंबईत. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात ही लस घेणारी ती पहिली. लस बगदाद-बसरामार्गे आली होती. तेव्हा शीतपेटी नव्हती, बाटलीतली लस वाटेतच मरायची. मग एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला, त्याच्याकडून तिसऱ्याला, अशी 'दंडावरून दंडावर' ती पुढे जायची. ॲनाच्या दंडावरूनच ती पुढच्या मुलांना गेली आणि तिथून देशाच्या इतर भागांत. लस साठवण्याचं त्या काळातलं साधन म्हणजे लहान मुलांचे दंडच. आज हे वाचताना अंगावर काटा येतो.

पुढे वासरांवर लस तयार व्हायला लागली. आपल्या भागाला तिची आठवण एका नावात जपलेली सापडेल. बेळगावात टिळकवाडीजवळचं व्हॅक्सिन डेपो मैदान कोल्हापूरकरांना माहीत असतं ते तिथल्या कार्यक्रमांमुळे. पण ते नाव पडलं तिथं देवीची लस तयार व्हायची म्हणून.

मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातूनच गेल्याचं जाहीर केलं. हजारो वर्षं माणसाच्या मानगुटीवर बसलेला रोग, ज्याला आपण घाबरून 'देवी' म्हणालो, तो संपला. यात शाळांचा वाटा मोठा होता, आणि माझ्या मुद्द्यासाठी त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. देवी डॉक्टरांनी मुलांच्या हातात चिठ्ठी दिली नाही. 'पालकांनी सवडीनं लस टोचून घ्यावी' असं लिहून ते पुढच्या गावाला गेले नाहीत. ते आले, टोचलं आणि गेले. काम तिथल्या तिथे झालं.

जबरदस्ती होती, हे मान्य. त्याची बाजू मी घेत नाही. पण काम अर्ध्यात सुटलं नव्हतं.

शाळा सक्तीची केली, मग तब्येत कुणाची?

आपण मुलांना शाळेत येण्याची सक्ती करतो, तर तिथं येणारं मूल उपाशी, आजारी, अर्धं आंधळं आहे का, हे बघण्याची जबाबदारीही आपलीच. हा विचार आपल्याकडे पहिल्यांदा अमलात आला तो बडोद्यात. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्य सेवेची सुरुवात म्हणून याच वर्षाची नोंद केली जाते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. हे आपण दर २६ जूनला भाषणात ऐकतो. त्याच काळातली एक मायलेकींची जोडी मात्र भाषणांत फारशी येत नाही. रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम बघायच्या. त्यांची मुलगी कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाली आणि कोल्हापुरात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, काम करू लागली. आई शाळेत, लेक दवाखान्यात. त्या काळी मुलीला पुरुष डॉक्टरांसमोर न्यायला घरचे तयार नसत. डॉक्टरीणबाई असणं म्हणजे मुलींना दवाखान्याचं दार उघडणं होतं. आजही शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकात एक महिला डॉक्टर असावी असा नियम आहे, तो याच कारणानं.

आणखी एक नाव घेतो. पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलींच्या शाळेत शिकवलेली ही बाई, वय साठीच्या पुढे, आणि पोराला उचलून डॉक्टरांपर्यंत पोचवते. आजच्या सरकारी भाषेत याला 'संदर्भ सेवा' म्हणतात. कागदावर एक शब्द लिहिला की ती झाली, असं आपण धरून चालतो.

साहेबाच्या देशातही आधी चिठ्ठीच

गंमत म्हणजे ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली, ते इंग्रजही याच खड्ड्यात पडले होते. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेल्या तरुणांपैकी बरेचसे तब्येतीत नापास झाले आणि सरकार हादरलं. १९०७ च्या कायद्यानं शाळेत वैद्यकीय तपासणी सुरू झाली. डॉक्टरांनी मुलं तपासली. किडके दात, वाहणारे कान, कमजोर नजर, उवा सापडल्या. मग पालकांना कळवलं. पालक गिरणीत किंवा खाणीत. डॉक्टरांची फी द्यायला पैसे नाहीत. पुढच्या वर्षी तेच मूल, तोच कान. शाळेनंच उपचाराचीही सोय करायची, हे बंधन यायला १९१८ उजाडलं. मधली अकरा वर्षं बऱ्याच ठिकाणी नुसती नोंद झाली.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथं शाळेत डॉक्टर यायचे, खुपऱ्या, खरूज, उवा असलेल्या मुलांना हातात कार्ड देऊन घरी पाठवायचे. घरी आईबाप नुकतेच परदेशातून आलेले, इंग्रजी वाचता येत नाही. मूल घरी बसायचं आणि संध्याकाळी त्याच मित्रांबरोबर गल्लीत खेळायचं. १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला काही शाळांवर नेमलं. तिनं साधी गोष्ट केली. बारीकसारीक आजारांवर शाळेतच औषध लावायला सुरुवात केली आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आईला समजावलं. वर्षभरात आजारपणामुळे शाळेतून परत पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या जवळपास नव्वद टक्क्यांनी घटली. डॉक्टर तेच, रोग तेच, मुलंही तीच. मधला माणूस तेवढा नवा आला होता.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं आपल्या कामाचं पान हेच आहे.

घरच्या औषधांचा काळ

मग शाळेचा डॉक्टर नव्हता किंवा उपयोगाचा नव्हता, तेव्हा मुलांवर उपचार काय व्हायचे? बाळगुटी उगाळली जायची. जंतांवर वावडिंग. पोट साफ करायला एरंडेल, तेही नाक दाबून. खरजेला गंधक. उवांना सर्रास रॉकेल, आणि चुलीपुढं बसलेल्या पोरीच्या डोक्याला रॉकेल म्हणजे काय धोका, हे सांगायला नको. गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा पाला. जरा ऐपत असली तर डोंगरे बालामृत, ज्याच्यामुळे आजही गुबगुबीत बाळाला 'डोंगरे बालामृत' म्हणतात. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला गरम सळईचा चटका देण्याची रीत होती आणि तिथून अशा बातम्या आमच्या डेस्कवर अजूनही येतात.

या सगळ्याला हसणं सोपं आहे. पण १९४६ चा भोर समितीचा अहवाल उघडून बघा. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६२ पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती (हा आकडा १९३७ चा). देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे दहा वर्षांखालच्या मुलांचे होते. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. मुलांसाठी वेगळं रुग्णालय म्हणजे मुंबईत परळचं वाडिया, तेही १९२९ चं. अशा वेळी आईच्या हातात वावडिंग आणि देव्हाऱ्यातला अंगारा सोडून दुसरं होतं काय?

शालेय आरोग्य सेवेबद्दल त्याच अहवालात लिहिलंय की ती देशात जवळपास नाहीच. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये केंद्रानं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. कागद वाढत गेले. वडिलांना शाळेतलं आरोग्य म्हणून आठवते ती १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि दूध पावडर, आणि शर्ट काढायला लावून पाठीवर चट्टे बघणारे कुष्ठरोगाचे कर्मचारी. डोळे कुणी तपासल्याचं त्यांना आठवत नाही. त्यांनाही चष्मा उशिराच लागला.

आज चित्र काय?

खूप सुधारलेलं आहे, हे आधी सांगतो. नाहीतर 'पत्रकारांना वाईटच दिसतं' असा मेसेज येईल.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्याची देशातली सुरुवातच आपल्या पालघरमध्ये झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक गाडीतून फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, अशा चार गटांत मिळून तीस दुखणी शोधायची. पुढचे उपचार मोफत, शस्त्रक्रियासुद्धा.

याचा फायदा झालेली मुलं आपल्या आसपास आहेत. हृदयात छिद्र असलेलं मूल, फाटलेला ओठ, वाकडं पाऊल. पूर्वी ही मुलं तशीच मोठी व्हायची किंवा व्हायचीच नाहीत. आज त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते. आमच्याकडेही अशा बातम्या येतात, फोटोसकट, आणि त्या आनंदानं छापाव्यात अशाच असतात.

पण इथंच मला एक गोष्ट खटकते. मोठ्या आजाराला वाट सापडते. त्याच्यासाठी योजना असते, रुग्णालय असतं, पाठपुरावा करणारा समन्वयक असतो, फोटो असतो. बारीक आजार मात्र दप्तरातच राहतो. कमी दिसणं, कमी ऐकू येणं, किडलेली दाढ, अंगात रक्त कमी. यानं मूल मरत नाही. ते फक्त मागच्या बाकावर सरकतं आणि एक दिवस 'ढ' ठरतं.

रक्ताचंच घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना ॲनिमिया होता. ही 'आजारी मुलींची' संख्या म्हणायची का? ती वर्गातली बहुसंख्या आहे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती चांगली योजना आहे. पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग मुली ती ओढणीत लपवतात. वर्गशिक्षिकेनं जेवणानंतर समोर उभं राहून गोळी खायला लावली, तिथं ती पोटात जाते. जिथं पाकीट घरी दिलं जातं, तिथं पुढचं सांगणं अवघड.

आता जंताच्या गोळीकडे बघा. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. वर्गातच, सगळ्यांना, शिक्षकांसमोर गोळी चावायची. विषय तिथंच संपला. नोव्हेंबर २०१८ मधली गोवर-रुबेला लस आठवते? व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं होतं. देवी डॉक्टरांच्या काळची भीती मोबाइलवर आली होती इतकंच. पालकांच्या बैठका घेऊन, समजावून शेवटी शाळेतच लस दिली गेली.

जे शाळेच्या आवारात पूर्ण झालं ते झालं. जे चिठ्ठीवर घरी गेलं ते बरंचसं अडकलं. १८०२ पासून आजपर्यंत मला तरी यात फारसा फरक दिसत नाही.

'पालकांनाच पडलेली नाही' हे खरं आहे का?

तपासणी पथकातल्या डॉक्टरांशी बोललं की एक तक्रार हमखास ऐकू येते. आम्ही लिहून देतो, पालक येत नाहीत. त्यांची दमछाक खरी आहे. दिवसाला शाळांमागून शाळा, शिवाय ऑनलाइन नोंदी.

पण पालकाच्या बाजूनं हिशेब मांडून बघू. चंदगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून जास्त. सीपीआरला यायचं तर पहाटेची एसटी. आईचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला. मुलाची शाळा बुडाली. ओपीडीची रांग, केसपेपर, मग 'अमुक डॉक्टर गुरुवारी बसतात'. म्हणजे अजून एक रोजगार. मुलाला ताप असता तर आईनं हे सगळं केलंच असतं. पण 'फळ्यावरचं जरा अस्पष्ट दिसतं' यासाठी? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला तर चिठ्ठी मिळते तेव्हा ते दुसऱ्याच जिल्ह्यात असतं. माझी आई शहरात, शिकलेली, दवाखाना दोन किलोमीटरवर. तरी माझं कार्ड माळ्यावर गेलं.

त्यामुळे 'जनजागृती करा' हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. पोस्टर लावून एसटीचं अंतर कमी होत नाही.

होण्यासारखं काय आहे? चष्म्याचं तर सगळं तयार आहे. वीस फुटांवर तक्ता लावून शिक्षकसुद्धा प्राथमिक नजर तपासू शकतात, राष्ट्रीय अंधत्व निवारण कार्यक्रमात त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देतात आणि शाळकरी मुलांना मोफत चष्म्याचीही तरतूद आहे. मग नंबर काढणारा नेत्र तंत्रज्ञ एक दिवस शाळेत आणायचा आणि चष्मा शाळेच्या पत्त्यावर पाठवायचा. मुलानं चार ठिकाणी फिरण्याऐवजी चष्म्यानं एकदा फिरावं. दातांसाठी फिरता दवाखाना. आणि प्रत्येक केंद्रशाळेमागे एक नर्स, जिचं काम तपासणी करणं नाही तर 'काल लिहून दिलेल्या सात मुलांचं आज काय झालं' हे बघणं. २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायची केंद्राची योजना आहे. चांगलं आहे, पण निवडणूक, जनगणना, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात शिक्षकांनी लिना रॉजर्स व्हावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

अजून एक. आमच्या डेस्कवर जी प्रसिद्धिपत्रकं येतात, त्यांत मोठा आकडा असतो तो 'इतक्या विद्यार्थ्यांची तपासणी पूर्ण' असा. तो आकडा आम्हीही मथळ्यात घेतो. मी स्वतः घेतलाय. खाली कुठेतरी 'इतक्यांना पुढील उपचारांसाठी पाठवले' असतं. त्यातले किती पोचले, किती बरे झाले, हा आकडा विचारायचं आम्हा पत्रकारांच्याही लक्षात येत नाही. जो आकडा वरून विचारला जातो तोच खाली नीट भरला जातो, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला माहीत आहे.

रजिस्टरमधला रकाना

हा लेख डोक्यात होता म्हणून परवा भाच्याच्या शाळेतल्या पालकसभेला बहिणीऐवजी मी गेलो. जिल्ह्यातलीच छोटी शाळा. सभा झाल्यावर मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, यंदाच्या तपासणीत किती मुलांना पुढे पाठवायला सांगितलंय?" त्यांनी लगेच कपाटातून रजिस्टर काढलं. नोंदी नीट होत्या. तारीख, नाव, इयत्ता, वजन, उंची, शेरा. डोळ्यांचा शेरा असलेली सात नावं.

"यातली किती जाऊन आली?"

सरांनी पान उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. तसा रकानाच नव्हता. "छापील फॉर्मातच नाही ओ," ते म्हणाले. थोडं थांबून टेबलावरची पट्टी घेतली आणि पानाच्या कडेला लाल पेननं एक उभी रेघ मारली. सातपैकी दोन नावांपुढं त्यांनी तिथंच बरोबरची खूण केली, ती दोघं हल्ली चष्मा लावून येतात म्हणून. बाकीच्या पाच मुलांच्या आयांना शनिवारी शाळेत बोलवायचं ठरलं. त्यातल्या एकीचा फोन नंबर रजिस्टरमध्ये जुना होता. तो आता शोधताहेत.